बंबाचा हिशेब

चालती वस्तु केवळ जुनी झाली म्हणून टाकून द्यावी काय, आणि तिच्या जागीं नवी आणल्यानें जो पैसा वांचतो तो खरोखर कोणाच्या पदरीं पडतो, हा प्रश्न वरवर पाहणारास बाजाराचा वाटेल. आमच्या मतें तो नीतीचा आहे. नीतिविचाराच्या पानांत न्हाणीघराचा विषय काढणें कित्येकांस हलकेपणाचें वाटण्याचा संभव आहे, हें आम्ही जाणून आहों. परंतु अॅरिस्टॉटलनें राज्यव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या पहिल्याच भागांत त्यानें घरकारभाराची चर्चा केली आहे. आणि ज्या ग्रीक शब्दावरून 'इकॉनॉमी' हा शब्द युरोपांतील भाषांत आला त्याचा मूळ अर्थ घर चालविण्याची रीत असाच आहे. तेव्हां तांब्याच्या बंबापासून आरंभ करण्यांत परंपरेचा भंग होतो असें आम्हांस वाटत नाहीं.

बंब म्हणजे काय हें आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस सांगावयास नको. ज्यांचा जन्मच गीझरच्या काळांत झाला त्यांच्यासाठीं दोन शब्द. उभ्या पिंपासारखें तांब्याचें भांडें, त्याच्या मधोमध वरपर्यंत गेलेली नळी, नळीच्या तळाशीं लोखंडी जाळी, जाळीखालीं राख पडण्याची जागा, आणि अंगावर एक पितळी तोटी. नळींत जाळ, नळीभोंवतीं पाणी. चुलीवर हंडा ठेविला तर ज्वाळा हंड्याच्या कडेनें निसटून जाते. बंबांत ती पाण्याच्या पोटांतूनच वर चढते आणि जातां जातां आपली उष्णता मागें ठेवून जाते. युक्ति साधी, पण खरोखर शहाणपणाची. विलायतेंतील घरें ऊबदार ठेवणाऱ्या बॉयलरचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं. तिकडे खोल्या तापवाव्या लागतात, आपल्याकडे अंगापुरतें पाणी तापलें कीं भागतें, एवढाच काय तो भेद. पुण्याच्या तांबट आळींत ठोकून घडविलेलीं असलीं भांडीं दोन-दोन पिढ्या टिकत, आणि लेकीच्या लग्नांत बंब देणें हें माहेरच्या ऐपतीचें लक्षण समजलें जाई.

जालन्याहून भोकरदनास जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णेच्या कांठीं केदारखेडा हें गांव आहे. कापूस, मका, तूर, ज्वारी हीं त्या भागांतील पिकें. रान उघडें, झाड विरळ. उन्हाळा कडक, पण पौषांतली पहांट अशी कीं थंड पाणी अंगावर घेण्यास धैर्य लागावें. अशा गांवांतील एखादें शेतकरी कुटुंब आपण कल्पनेनें डोळ्यांसमोर आणूं. घरांत वृद्ध पतिपत्नी, शेती पाहणारा एक मुलगा, त्याची बायको, दोन नातवंडें. दुसरा मुलगा पुण्यास नोकरीवर. बंब चाळीस वर्षांचा. बुडाशीं दोनदां डाख लाविलेला, जाळी झिजलेली, नळीस पोंचे पडलेले. पाणी तापावयास पूर्वींच्या दीडपट वेळ आणि दीडपट जळण. पुण्याचा मुलगा म्हणतो, 'बाबा, हा आतां काढा. गॅसचा गीझर बसवूं, नाहींतर छपरावर सौर बंब. जळण वांचेल.' बाबा म्हणतात, 'अरे, सरपण काय आपण विकत आणतों? पऱ्हाटी रानांतली, गोवरी गोठ्यांतली. मग वांचणार तें काय?'

हा वाद एका घरचा नव्हे. थोड्याफार फरकानें तो महाराष्ट्रांत घरोघर झालेला आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं वादाचा निकाल न लागतां बंबच एके दिवशीं फुटून तो मिटला आहे.

बाबांची बाजू दुबळी आहे असें समजण्याची घाई सुशिक्षितांनीं करूं नये. त्यांचें म्हणणें नीट मांडलें तर असें आहे. बंब तांब्याचा आहे. तो झिजतो, पण नासत नाहीं. गळला तर गांवांत किंवा जवळच्या बाजारांत डाख लावणारा मिळतो. नवें यंत्र बिघडलें तर त्याचा सुटा भाग शहरांतून येईपर्यंत घर थंड पाण्यावर राहतें, आणि कांहीं वर्षांनीं 'या नमुन्याचे भाग आतां येत नाहींत' असें उत्तर मिळतें. बंब त्याच रानाचा कचरा जाळतो ज्या रानावर घर जगतें. गॅस कोणत्या समुद्रापलीकडून येतो आणि उद्यां त्याचा भाव कोण ठरवील हें घरांतील कोणासही सांगतां येत नाहीं. शिवाय नवें यंत्र घडवितांनाही कोठेंतरी कोळसा जळलेलाच असतो. चालती वस्तु मोडींत काढून जळण वांचविणें म्हणजे त्या कोळशाचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत लिहिणें होय. हे सर्व मुद्दे खरे आहेत. त्यांतील एकही आम्ही खोटा म्हणत नाहीं.

आतां मुलाची बाजू. 15 लिटर पाण्याची बादली 20 अंशांवरून 45 अंशांवर नेण्यास 375 किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या हिशेबांत ती अर्ध्या युनिटाहून थोडी कमीच भरते. एक किलो वाळल्या लाकडांत साधारण 3500 ते 4000 किलोकॅलरी उष्णता सांठविलेली असते. म्हणजे कागदावर एका किलो लाकडांत दहा बादल्या पाणी तापलें पाहिजे. ज्यानें आयुष्यांत एकदां तरी बंब पेटविला आहे त्यास या दहा बादल्यांचें हसूंच येईल. जळण ओलसर असतें, जाळ अर्धामुर्धा पेटतो, धुराबरोबर उष्णता नळींतून आभाळांत जाते. आणि नळींत काजळीचा थर, बाहेरच्या अंगास क्षाराचा थर चढला कीं जी थोडी पाण्याकडे यावयाची तीही अडते. मराठवाड्यांतील विंधनविहिरींचें पाणी बहुधा जड. त्याच्या क्षारानें बंब आंतून दगडासारखा होतो. जुना बंब अधिक जळण खातो तें म्हातारपणाच्या हट्टानें नव्हे, या थरांमुळें.

परंतु हा हिशेब कितीही बिनचूक केला तरी बाबांस तो पटणार नाहीं, कारण जें फुकट आहे त्याचा दीडपट खर्चही फुकटच. दहाला शून्यानें गुणा कीं पंधराला गुणा, उत्तर तेंच. वादाची खरी गांठ या शून्यांत आहे. सरपण फुकट आहे हें वाक्य आपल्या समाजांत इतक्या सहज उच्चारलें जातें कीं त्यांत कर्ता कोण हें विचारण्याची कोणास आठवण होत नाहीं. पऱ्हाटी रानांत उभी असते. ती आपण होऊन न्हाणीघरापाशीं चालत येत नाहीं. शेवटची वेंचणी झाल्यावर ती उपटावी लागते, मोळ्या बांधाव्या लागतात, डोक्यावरून आणाव्या लागतात, पावसाळ्यापूर्वीं झांकाव्या लागतात. शेण गोळा करून, भुसा घालून, थापून, उलटून, वाळवून, रचून मग त्याची गोवरी होते. आणि पहांटे सर्वांच्या आधीं उठून राख ओढणें, कांड्या मोडणें, फुंकणीनें जाळ धरणें, मध्येंच जाऊन पुन्हां घालणें, हें सर्व घरांतील एकाच माणसाच्या वांट्यास येतें. तें माणूस म्हणजे बहुधा सून. आणि ती येण्यापूर्वीं सासू. पुष्कळ घरांत बंब पेटविणारीस स्नान मिळतें तें शेवटीं, तोटींतून कोमट पाणी येऊं लागल्यावर.

सरपण फुकट आहे याचा अर्थ एवढाच कीं ज्या श्रमानें तें येतें त्याचा दर आपण शून्य धरिला आहे. हा दर कोणीं ठरविला? बाजारानें नव्हे, बाजारांत मोळी विकत घ्यावयास गेलें तर कोणी शून्यांत देत नाहीं. तीच बाई शेजारच्या शेतांत वेंचणीस गेली तर तिला रोज मिळतो. घराच्या उंबऱ्याआंत मात्र तिचे तास मोजणीच्या बाहेर जातात. आम्हांस असें वाटतें कीं बाबांच्या काटकसरींत दोष आहे तो काटकसरीचा नव्हे, मोजणीचा आहे. प्रामाणिक माणूस तराजूंत खोट ठेवीत नाहीं. पण ज्या पारड्यांत आपली सून बसली आहे तें पारडें रिकामेंच आहे असें त्यास मनापासून वाटत असतें. हें अज्ञान निरागस आहे खरें. तथापि त्याचा भार रोज पहांटे कोणीतरी वाहतेंच.

धुराविषयीं येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांत जळणाऱ्या इंधनाच्या धुरानें 2020 सालीं जगांत सुमारें 32 लाख माणसें मृत्यु पावलीं. यांतील मुख्य दोष बंद स्वयंपाकघरांतील चुलीचा आहे; उघड्या अंगणांत ठेविलेल्या बंबाचा धूर त्या मानानें सौम्य, हें कबूल केलें पाहिजे. पण फुंकणी धरणारीचें तोंड जाळापासून हातभर अंतरावर असतें, तेथें अंगण आणि खोली यांत फारसा फरक राहत नाहीं.

फुकटपणाचा दुसरा बळी शेत. 2017 च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील कपाशीचें अतोनात नुकसान केलें. ही अळी हंगाम सरल्यावर पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून बसते. म्हणून पऱ्हाट्या बांधावर किंवा घरामागें रचून ठेवूं नका असें कृषितज्ज्ञ सांगत असतात. म्हणजे जो ढीग घरच्यांस वर्षभराच्या ऊन पाण्याची बेगमी वाटतो तोच पुढच्या वर्षाच्या किडीचीही बेगमी असूं शकतो. शेणाची गोष्ट तर जुनीच आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें कंपोस्ट खताची रीत बसविली. तींत कापसाचीं व तुरीचीं कठीण खोडें रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चुरून घेत आणि मग शेणाबरोबर कुजवीत. त्या रीतीचें वर्णन 1931 सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. त्या काळापासून हा सल्ला सर्वांस ठाऊक आहे, आणि त्या काळापासून गोवऱ्या थापल्या जात आहेत. कारण खत वर्षानें फळतें आणि पाणी आज तापावयास हवें. गरिबास उद्यांचा फायदा दिसत नाहीं असें नव्हे. आजची पहांट त्याच्या आड उभी असते.

इंग्लंडांत हा वाद निराळ्या रूपानें झाला आहे. तेथें 2010 च्या जानेवारींत सरकारनें सर्वांत निकृष्ट प्रतीचे जुने बॉयलर काढून टाकणाऱ्या घरांस 400 पौंडांची सवलत देऊं केली होती. तिकडे गणित सोपें, कारण जळणारा प्रत्येक घनफूट गॅस मीटरवर चढतो आणि महिन्याचें बिल घरांतील कर्त्या माणसासच द्यावें लागतें. जो खर्च करितो तोच सोसतो, म्हणून जुन्या बॉयलरची उधळपट्टी त्यास लागलीच टोंचते. केदारखेड्याच्या अंगणांतील ढिगास मीटर नाहीं. तेथें निर्णय करणारा एक आणि सोसणारी दुसरी. असें जेथें असतें तेथें जुनी वस्तु टिकते ती पुष्कळदां तिच्या गुणांनीं नव्हे, सोसणाराच्या मुकेपणानें.

एवढ्यावरून नवें आणलें कीं प्रश्न सुटला असें कोणी समजेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. 1865 सालीं विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें कोळशाच्या प्रश्नावर जो ग्रंथ लिहिला त्यांत एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. वॅटच्या यंत्रानें कोळसा थोडा लागूं लागला. पण त्यामुळें देशांत कोळशाचा खप कमी न होतां वाढला, कारण स्वस्तपणें चालणारें यंत्र जो तो वापरूं लागला. घरांतही हेंच घडतें. बंब पेटविण्याचा त्रास होता तोंवर एका बादलींत स्नान होई. तोटी फिरवितांच ऊन पाणी येऊं लागलें कीं दोन बादल्या होतात, आणि पुण्याहून आलेल्या नातवास वरून झरणारें पाणी हवें असतें. 2012-13 च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यानें जें पाहिलें तें ज्यांस आठवत असेल त्यांस हा विनोद वाटणार नाहीं. जेथें पाणीच टँकरनें येतें तेथें ऊन पाण्याचा सुकाळ ही संशयास्पद देणगी आहे.

वॅटसंबंधींचीच दुसरी एक हकीकत आम्हांस अधिक विचार करावयास लाविते. कॉर्नवॉलच्या खाणींत कोळसा महाग. तेथील खाणवाल्यांस बोल्टन आणि वॅट यांनीं आपलीं यंत्रें देतांना करार केला कीं जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या मानानें जो कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा एक तृतीयांश आम्हांस द्यावा. बचत मोजण्यासाठीं यंत्राचे झोंके मोजणारी कुलूपबंद पेटी बसविली जाई. खाणवाले पुढें कुरकुरले, तंटे झाले. पण ज्याच्या बुद्धीनें बचत झाली त्याचा तींत वांटा आहे हें तत्त्व उघडपणें मांडलें गेलें. आपल्या घरांत गीझर आल्यानें जो पहांटेचा तास वांचतो त्याची पेटी कोठें आहे? तो तास सुनेचा होता. वांचल्यावर तिचाच राहतो काय? आमचें निरीक्षण असें आहे कीं बहुधा राहत नाहीं. 'आतां तुला वेळ आहेच' या चार शब्दांनीं तो दुसऱ्या कामास लागतो. असें झालें तर घराचें जळण वांचलें, पण ज्या अन्यायावरून आम्हीं वाद चालविला तो जागचा हलला नाहीं.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो बारीक नाहीं. जुन्या वस्तूचा खर्च रोज थोडा थोडा होतो, नव्याचा एकदम करावा लागतो. ज्याच्यापाशीं एकदम देण्यास पैसा नाहीं त्यास, पुढें बचत आहे हें कळूनही, उधळपट्टीच परवडते. 1 मे 2016 रोजीं बलिया येथें उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि कोट्यवधि गरीब घरांत गॅसची शेगडी गेली, हें मोठें काम झालें. पण 14.2 किलोची टाकी पुन्हां भरतांना रोख मोजावी लागते, म्हणून पुष्कळ घरांत गॅस चहास आणि भाजीस, आणि अंघोळीचें पाणी पूर्वींप्रमाणें लाकडावर, अशी वांटणी झालेली दिसते. रोख आणि बाईचे श्रम यांत निवड करावयाची वेळ आली कीं श्रम स्वस्त ठरतात; कारण त्यांचा दर आपण शून्य धरून बसलों आहों.

पुण्याचा मुलगा पैसे देतो ही चांगली गोष्ट आहे. तो त्यास 'आईला भेट' म्हणतो. हा शब्द मात्र आम्हांस खटकतो. वीस वर्षें जो त्या बंबाच्या पाण्यानें न्हाला, परीक्षेच्या दिवशीं ज्याच्यासाठीं चार वाजतां जाळ पेटला, त्यानें आज पाठविलेले रुपये ही भेट कशी? सावकाराकडचें मुद्दल फेडतांना कोणी भेट दिल्याची भाषा बोलत नाहीं. देणेंकरी उदार होऊं शकत नाहीं. फार तर वेळेवर फेडणारा होऊं शकतो. आणि वहिनीचें देणें तर त्यानें अद्याप मोजलेंच नाहीं.

बाबांच्या मनांतील शेवटचा अडसर हिशेबाचा नसतोच. बंबाच्या कांठाखालीं अक्षरें कोरलेलीं असतात: माहेरच्या माणसाचें नांव, गांव, साल. आपल्याकडे भांड्यावर नांव घालण्याची चाल आहे, आणि त्या नांवामुळें भांडें हें केवळ भांडें राहत नाहीं. कांटनें 1785 च्या आपल्या नीतिग्रंथांत असें म्हटलें आहे कीं वस्तूस किंमत असते आणि माणसास प्रतिष्ठा. जिच्या जागीं दुसरी ठेवतां येते तिला किंमत. या कसोटीनें बंब किंमतीच्या बाजूस जातो. तरी बाबांस तो टाकवत नाहीं, यांत आम्हांस हसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. त्यांस जो आदर वाटतो तो तांब्याविषयीं नसून देणाराविषयीं आहे. फक्त एक विचारावेंसें वाटतें: कोरलेल्या नांवास जो मान मिळतो तो, ज्या हातांनीं चाळीस वर्षें त्यांत कांड्या सारल्या त्यांस कधीं मिळाला? त्यांचें नांव भांड्यावर कोणीं घातलें नाहीं.

तेव्हां बंब बदलावा कीं नाहीं? आमचें मत असें कीं हा निर्णय पेटविणारीचा आहे, आणि तिला तो विचारला गेला पाहिजे. तोही असा कीं 'नको, चालतंय' हें उत्तर देण्याची तिला संवय झाली आहे हें ध्यानांत ठेवून, दुसऱ्यांदा. ती कदाचित् म्हणेल, पाहुण्यांसाठीं बंब असूं द्या, रोजचें पाणी छपरावर तापवा. मराठवाड्याचें आभाळ हिंवाळ्यांत बहुधा निरभ्र असतें. रोजच्या 100 लिटरांचा सौर बंब चार-पांच माणसांच्या घरास पुरतो, आणि त्याचें सरपण कोणास डोक्यावरून आणावें लागत नाहीं. मात्र जड पाण्याचा क्षार त्याच्याही नळ्यांत बसतो, वेळोवेळीं साफ करावा लागतो. आणि हें काम कोणाचें हें आधींच ठरलेलें बरें, नाहींतर तेंही आपोआप ठरेल. गॅसचा गीझर घ्यावयाचा तर तो न्हाणीच्या बाहेर भिंतीवर बसवावा. बंद न्हाणींत तो हवेंतील प्राणवायु खातो आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सोडतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि न्हाणारा माणूस कळण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. अशीं मरणें आपल्याकडे झालेलीं आहेत. नळीचे चार हात वांचविण्यासाठीं गीझर आंत लावणें ही काटकसर करूं नये.

जुना बंब शहरांतील दिवाणखान्यांत चकचकीत होऊन, त्यांत शोभेचें झाड लावून, कोपऱ्यांत उभा केलेला आम्हीं पाहिला आहे. ज्यांस धूर कधीं लागला नाहीं त्यांस तो फार सुंदर दिसतो. केदारखेड्यांतील घरानें तसें करावें अशी आमची सूचना नाहीं. तांब्यास मोड चांगली येते, वजनावर रोख मिळते. ती रक्कम घेऊन बाबा बाजारांतून परत येतील तेव्हां ती खत-बियाण्याच्या पैशांत मिसळूं नये; सुनेच्या हातीं द्यावी, आणि तिनें तिचें काय केलें हें विचारूं नये.